न दिसणारं दुखणं, नोकरी आणि अपंगत्वाचा अर्ज: अनुभव हवे आहेत

पाठमोरी

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज काढतेच धागा. विषय आहे कायमचं दुखणं, ते सांभाळून नोकरी टिकवणं, आणि अपंगत्वाचे फायदे (भत्ता, सवलत, पेन्शन, जिथे जे असेल ते) मागायचे का, मागायचे तर कसे. आधीच सांगून ठेवते, उपाय विचारत नाहीये. तेल, मालिश, सुया, आसनं, अमक्याच्या हाताला गुण आहे, सगळं ऐकून झालंय, बरंचसं करूनही झालंय, त्यासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे भेटू.

माझं थोडक्यात: मान, खांदे, कंबर, आणि त्या दिवशी लहर लागेल ते. निदान फायब्रोमायाल्जिया (अंगभर टिकून राहणारं दुखणं, सोबत थकवा). ते मिळायलाच इतका वेळ गेला की कागद हातात आल्यावर मला चक्क आनंद झाला, घरच्यांना वाटलं हिचं काहीतरी बिनसलंय. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एमआरआयमधे "वयानुरूप बदल". काम हिशेब तपासणीचं, म्हणजे दिवसभर स्क्रीन आणि महिनाअखेरीला रात्रीपण स्क्रीन.

आता मला काम जमत नाही असं अजिबात नाहीये. सोमवारी मी इतर कोणाहीइतकं करते, कदाचित जास्तच, कारण चांगला दिवस मिळाला की साठलेलं सगळं उपसून काढायची घाई असते. मग रात्री कूस बदलताना जाग येते, आणि बुधवारपर्यंत माउस धरायला बोटं वळत नाहीत, डोक्यात धुकं, एकच ओळ परत परत वाचत बसते. साहेब म्हणतात, सोमवारी तर ठणठणीत होतीस. होते ना! म्हणूनच तर बुधवार असा गेला.

फॉर्म आणलाय. त्यात विचारलंय, तुम्ही आधाराशिवाय जिना चढू शकता का, हो / नाही. काय लिहू? चढते की. लिफ्ट बंद असली की चढतेच. वर पोचल्यावर फोन बघत असल्याचं दाखवत कठड्याशी उभी राहते म्हणजे कोणी काय झालं विचारू नये, त्याला फॉर्मात रकाना नाही. पुढचा प्रश्न, वेदना ० ते १० मधे किती. आत्ता की काल की महिनाअखेरीला? १० लिहिलं तर नाटक वाटणार, ४ लिहिलं तर मग अर्ज कशाला केलात बाई.

तर ज्यांना यातून काही मिळालंय किंवा नाही मिळालंय त्यांनी लिहा. नोकरी चालू असताना अर्ज केला तर "करता की नोकरी" म्हणून फेटाळतात का, ऑफिसात सांगावं का आणि कोणाला, आणि न दिसणारं दुखणं कागदावर दाखवायचं कसं. मी कुठे राहते ते मुद्दाम लिहीत नाही, नियम जिथले तिथले वेगळे असणारच पण अडचण बहुतेक सारखीच असावी.

खुर्चीसम्राट

पहिला नंबर! (आयडी बघा आणि हसा. मणक्याचं ऑपरेशन झालंय, फार वेळ खुर्चीत बसता येत नाही.)

जिन्याचं अगदी अगदी. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने टेकायचो, वेल्क्रोचे बूट घेतले आणि निमित्तच गेलं. अर्जाचं काही माहीत नाही, वाचतोय.

स्पष्टवक्ता

राग मानू नये, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. माझ्या पाहण्यात एक जण आहेत, पाठदुखीसाठी लांब रजा घेतली, मग ती वाढवली, मग भत्ता चालू झाला आणि मग माणूस घराबाहेर पडेनासाच झाला. दुखणं होतं तेवढंच, वर अंगातली ताकद गेली, चार लोकांत उठबस गेली. आणि भत्ता टिकवायचा म्हणजे दर थोड्या दिवसांनी मी किती आजारी आहे हे सिद्ध करायचं, म्हणजे जरा बरं वाटायला लागलं तरी धाकधूक. ही कसली मदत? हालचाल चालू ठेवावी, मन गुंतवावं. दुखणं तर कोणाला नाही.

खुर्चीसम्राट

शेवटचं वाक्य आवरलं असतं तर प्रतिसादाला +१ दिला असता.

पाठमोरी

@स्पष्टवक्ता, शेवटचं वाक्य सोडून बाकी पटलं, खरंच. मलाही घरी बसायची हौस नाहीये. मला काम हवंय, पण बुधवारचं काय करायचं ते कोणीतरी सांगा.

धोपटमार्ग

पेन क्लिनिकमधे काम करतो म्हणून लिहितोय, पण हे कुणाच्या केसवरचं मत समजू नये.

स्पष्टवक्ता यांचं अर्धं बरोबर आहे. पाठदुखीत पडून राहिल्याने बरं वाटत नाही, बिघडतंच, यावर आता वाद नाही, आणि काम पूर्ण सुटून जितका काळ जातो तितकं परत जाणं अवघड होत जातं. पण याचा अर्थ आहे तसंच तासन् तास बसून रहा असा होत नाही. हालचाल हे औषध असेल तर त्यालाही डोस असतोच. चांगल्या दिवशी उपसायचं आणि मग आडवं पडायचं, हे चक्र आम्ही रोज बघतो. त्यावर पेसिंग शिकवतो, म्हणजे दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याच्या आधीच घड्याळ बघून थांबायचं. वाचायला सोपं वाटतं पण करायला महाकठीण, कारण बरं वाटत असताना थांबायचं असतं आणि टेबलावर ढीग दिसत असतो.

रिपोर्ट नॉर्मल का येतात. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने (आयएएसपी) २०१७ मधे वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला, नोसिप्लास्टिक पेन. पहिल्यात कुठेतरी इजा किंवा सूज असते, दुसऱ्यात नस बिघडलेली असते, तिसऱ्यात दोन्ही ठळक सापडत नाही पण वेदना वाहून नेणारी आणि तिचा अर्थ लावणारी यंत्रणाच हळवी झालेली असते. उभ्या गाडीवर मांजराने उडी मारली तरी अलार्म बोंबलतो तसं. चोर नसतो, पण आवाज खराच असतो आणि झोप पण खरीच मोडते. फायब्रोमायाल्जिया यात येतो असं सध्या मानतात. २०२० मधे वेदनेची व्याख्याही सुधारली, त्याच्या टिपांमधे स्पष्ट म्हटलंय की माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान ठेवावा. आणि आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, १ जानेवारी २०२२ पासून लागू) मधे तीन महिन्यांच्या वर टिकणाऱ्या किंवा परत परत येणाऱ्या वेदनेची स्वतंत्र नोंद आहे. म्हणून दाखल्यावर डॉक्टरकडून नुसतं "अंगदुखी" लिहून आणू नका, निदानाचं पूर्ण नाव घ्या.

एमआरआयमधे काहीतरी दिसलं म्हणजे केस जिंकली असंही कोणी समजू नये. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांचे स्कॅन एकत्र करून बघितले तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीला पोचलेल्यांत ९६ टक्के. तेव्हा नुसत्या चित्रावरून ना दुखणं सिद्ध होतं ना खोटं ठरतं.

आता आमच्या जमातीबद्दल. तुम्ही आत येता, मी विचारतो कसं काय, तुम्ही सभ्यपणे म्हणता ठीक आहे डॉक्टर, आणि मी लिहितो "पेशंट कम्फर्टेबल, औषधं चालू". पुढे हाच केसपेपर तुमचा अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलावर जातो. त्याला तुम्ही भेटलेल्याच नसता, त्याच्या लेखी तुम्ही कम्फर्टेबल. तेव्हा दर भेटीत दोन वाक्यं ठरवून बोला, या महिन्यात काय करता आलं नाही आणि जे केलं त्याची नंतर काय किंमत पडली. आणि ते लिहा म्हणून सांगा. मागे लागून सांगा, आम्हाला घाई असते. कंबरेचं असेल तर ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली भरून फाईलला लावायला सांगा. बसणं, उभं राहणं, चालणं, उचलणं, झोप, प्रवास असे त्यात दहा विभाग आहेत, १९८० पासून वापरात आहे, तपासणाऱ्यांना ती ओळखीची असते. फायब्रोसाठी वेगळी प्रश्नावली असते, ती मागा.

रिमझिम

डॉक्टर, साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.

मी ब्रिटनमधली. आमच्याकडे पिप म्हणून भत्ता आहे (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, २०१३ पासून). पाठमोरी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हा भत्ता नोकरीवर अवलंबूनच नाही, मी नोकरी करते आणि तो घेते. रोजच्या गोष्टी करता येतात का यावर पॉइंट देतात, ८ ला साधा दर, १२ ला वाढीव.

पण खरी गंमत नियमात लपलीये आणि फॉर्म वाचून ती कळत नाही. एखादी गोष्ट "करता येते" असं धरायचं असेल तर ती सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात करता आली पाहिजे. चारातलं एक जरी बसत नसेल तरी नियमाच्या भाषेत तुम्हाला ते येत नाही. म्हणजे तुझा जिना! चढलीस खरी, पण लगेच परत चढता येईल का? वर पोचून कठड्याशी थांबलीस तो वेळ धरायचा ना? आणि चांगले-वाईट दिवस असतील तर निम्म्याहून जास्त दिवस काय परिस्थिती असते ते बघतात. तेव्हा हो/नाहीवर खूण करून गप्प बसायचं नाही, समोर किंवा जोडकागदावर लिहायचं, "चढते, पण".

एक सावध करते. तपासणारी व्यक्ती तुमच्याकडे बघूनही नोंदी करते. माझ्या रिपोर्टात होतं की मी हसतमुख होते, पूर्णवेळ खुर्चीत बसले, बॅग स्वतः उचलली. हो, बसले, आणि उठताना टेबलाचा कोपरा धरून उठले ते नाही लिहिलं. तेव्हापासून तिथेच मोठ्याने बोलते: आता मला उभं राहायला लागणार आहे, मांडीखाली हात ठेवते कारण कंबर धरलीये. वेडगळ वाटतं पण बोललेलं नोंदवावं लागतं. पहिल्या खेपेला मला शून्य पॉइंट होते. महिन्याच्या आत फेरविचार मागायचा असतो, तिथेही नाहीच म्हणाले, ट्रायब्युनलमधे (अपील ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण) मिळालं.

स्पष्टवक्ता

शून्य ते मंजूर? मग आधी काय बघितलं त्यांनी?

रिमझिम

हसणं.

सातासमुद्रापार

रिमझिम, इकडे अमेरिकेत बरोबर उलटं आहे. इथलं एसएसडीआय (सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व विमा) म्हणजे काम करताच येत नाही त्यांच्यासाठी. थोडं अपंगत्व, अर्धं अपंगत्व असा प्रकारच नाही. दुखणं किमान १२ महिने टिकलेलं किंवा टिकणार असं हवं आणि ठराविक रकमेच्या वर कमाई चालू असेल तर पहिल्याच पायरीवर बाहेर. मंजूर झालं तरी बहुतेक प्रकरणांत पहिले पाच पूर्ण महिने पैसे नाहीत. शिवाय कामाचे क्रेडिट्स ताजे लागतात, ढोबळ मानाने गेल्या दहा वर्षांपैकी पाच वर्षं नोकरी झालेली असावी लागते. म्हणजे जे लोक "बघू, अजून थोडं ओढू" करत आधी अर्धवेळ, मग अधूनमधून, मग घरी असं करतात त्यांची मुदत गुपचूप संपून जाते. ही तारीख प्रत्येकाने आपापली बघून ठेवा, दुखण्याच्या नादात कोणी बघत नाही.

मला आलेल्या पहिल्या नकाराच्या पत्रात छान सहानुभूती होती: तुम्हाला वेदना आहेत हे आम्ही मान्य करतो, पण बसून करायचं दुसरं एखादं काम तुम्ही करू शकता. लोक इथे खचून सोडून देतात. सोडू नका, ६० दिवसांत अपील करायचं, तिथेही नकार आला तर न्यायाधीशापुढे सुनावणी मागायची. माझा सगळा खेळ सुनावणीत फिरला, आणि तो दुखतं किती यावर अजिबात फिरला नाही हे मला इथे सांगायचंय.

तिथे एक नोकऱ्यांचा तज्ज्ञ बसवलेला असतो. त्याला विचारतात की असा असा माणूस आहे, इतका वेळ बसू शकतो, इतकं उचलू शकतो, याला कुठली कामं मिळतील? तो धडाधड नावं सांगतो. मग माझ्या वकिलाने विचारलं, आणि हाच माणूस दिवसातला काही वेळ कामावरून उठून आडवा होत असेल, आणि महिन्यात बरेच वेळा येऊच शकत नसेल तर? तो म्हणाला, मग कुठलंच नाही. कारण महिन्यात एखाद-दुसऱ्या दिवसापेक्षा जास्त गैरहजेरी मालक खपवून घेत नाहीत असं हे लोक साधारणपणे सांगतात. बस, तेवढ्यावर. जिथे मी वर्षभर "मला फार दुखतं हो" हे पटवत होतो तिथे प्रश्न होता तू किती दिवस येऊ शकत नाहीस.

म्हणून पाठमोरी, तुमचा बुधवार हीच तुमची केस आहे. वेदनेची डायरी नका ठेवू, त्यात आज ७, आज ६, आज ७ याच्यापलीकडे काही राहत नाही आणि तपासणाऱ्यालाही त्याचं काही करता येत नाही. कामाची डायरी ठेवा. किती वेळाने उठावं लागलं, काय अर्धवट राहिलं, कुठली चूक दुसऱ्याने पकडली, कधी लवकर निघालात, दुसऱ्या दिवशी काय रद्द केलं. फायब्रोसाठी इथे २०१२ चा स्वतंत्र नियम आहे (एसएसआर १२-२पी), त्यातच म्हटलंय की लक्षणं कमीजास्त होतात, चांगले-वाईट दिवस असतात, म्हणून लांब काळाची नोंद बघा. नियम आपल्या बाजूने आहे, पण नोंद आपल्यालाच करावी लागते.

आणि औषधांचं लिहा. प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन या वेदनेसाठी देतात त्या गोळ्यांनी गुंगी येते, सकाळी डोकं चालत नाही. आपण ते दुखण्यात धरतच नाही, पण हिशेबाचं काम करणाऱ्याचं डोकं सकाळी चालत नसेल तर तीसुद्धा कामावरची मर्यादाच आहे.

दादाचा_भाऊ

खूप माहितीपूर्ण धागा. भारतातलं कोणी सांगेल का? मोठ्या भावाला असंच आहे, खाजगी नोकरी. सर्टिफिकेट मिळतं का?

कर्मचारी_क्रमांक

मी एचआरमधे आहे (मारू नका), भारतातले कागद रोज हाताळते म्हणून सांगते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधे २१ प्रकार दिलेत, त्यात क्रॉनिक पेन किंवा फायब्रोमायाल्जिया या नावाने काही नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर पुढचे बहुतेक फायदे, सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण वगैरे. मणक्यामुळे, सांध्यांमुळे, नसेमुळे हालचालच कमी झाली असेल तर चलनवलनाच्या अपंगत्वाखाली मेडिकल बोर्डापुढे जाता येतं, तिथे सांधा किती वळतो, स्नायूत ताकद किती असलं मोजतात. यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांग ओळखपत्राचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज करून घ्या. पण नुसतं फायब्रो असेल आणि सांधे छान वळत असतील तर टक्के मिळणं फार अवघड, आणि खोटी आशा दाखवून तुमच्या भावाला चकरा मारायला लावणार नाही. पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) पैसे कापले जात असतील तर मात्र आजारपणाचा लाभ बघा, अटी बसल्या तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सुमारे ७० टक्के मिळतो, त्याला अपंगत्वाचा दाखला लागत नाही, त्यांच्या डॉक्टरचा आजारपणाचा लागतो. सरकारी नोकरीत असते तर याच कायद्याचं कलम २० आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही की पायरी खाली आणता येत नाही, झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं. खाजगीत तेवढं कवच नाही.

आता सगळ्यांसाठी, देश कुठलाही असो. राजीनामा शेवटी. मी बघते ना, लोक एका भयानक आठवड्यात राजीनामा टाकतात आणि मग विचारतात कंपनीचा विमा लागू होईल का. कंपनीने काढलेला दीर्घ अपंगत्वाचा विमा असेल तर तो सहसा नोकरीबरोबर संपतो. आधी पॉलिसी वाचा, आणि त्यात "स्वतःचं काम करता न येणं" आणि "कुठलंच काम करता न येणं" हे दोन वेगळे शब्दप्रयोग शोधा. बऱ्याच पॉलिस्यांमधे पहिली दोन वर्षं पहिला निकष आणि नंतर दुसरा, आणि दोन वर्षं झाली की लोकांचे पैसे बंद होतात ते यामुळे.

ऑफिसात सांगावं का? दुखण्याबद्दल कमी सांगा आणि काय हवंय ते नेमकं सांगा. "मला फायब्रो आहे, खूप त्रास होतो, समजून घ्या" या मेलवर मी चांगली असले तरी काही करू शकत नाही, समजून घेते आणि फाईल करते. तेच "दर ४० मिनिटांनी पाच मिनिटं उठायची मुभा, उंची बदलणारं टेबल, महिनाअखेरीचं काम आधीच्या आठवड्यात सुरू करायची परवानगी, आठवड्यातून दोन दिवस घरून, तीन महिने करून बघू आणि मग एकत्र आढावा घेऊ" असा मेल आला की मला वर न्यायला काहीतरी मिळतं. तीन महिने करून बघू हे शब्द जादूचे आहेत, कायमचं म्हटलं की साहेब लोक बिचकतात. सोबत डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र. तोंडी बोलणं झालं तरी संध्याकाळी मेल टाका, आज आपलं असं बोलणं झालं म्हणून. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग हक्क करार आहे, त्याच्या कलम २ प्रमाणे वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरलाय, आणि बहुतेक देशांनी तो मान्य केलाय. मेलमधे कलमं फेकू नका, पण आपण उपकार मागत नाहीयोत एवढं डोक्यात असलं की मेलची भाषा आपोआप सरळ होते.

आणि नाही म्हणाले तरी तो नकार जपून ठेवा. पुढे अर्जात "मी सोय मागितली, मिळाली नाही" याला वजन असतं.

खुर्चीसम्राट

एचआरवर जीव जडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

स्पष्टवक्ता

घरी बसण्याबद्दलचं माझं मत कायम आहे, पण टेबल आणि उठायची मुभा मागण्यात काहीच गैर नाही. त्या ओळखीच्या गृहस्थांना तेव्हा कोणी असं टेबल दिलं असतं तर कदाचित लांब रजा लागली नसती. ते वाक्य मागे घेतो.

दादाचा_भाऊ

धन्यवाद कर्मचारी ताई. बोर्डापुढे त्याची हालचाल मोजून बघतील तर बघू, नाहीतर निदान ईएसआयचं लगेच विचारतो, ते कापतात हे नक्की. तो कुणाला काही सांगतच नाही हो, घरीसुद्धा. मेल मीच लिहून देतो, त्याने नुसता पाठवायचा.

पाठमोरी

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकेकट्याला उत्तर देत नाही, हात दुखतात (हे कारण पहिल्यांदाच इतकं मोकळेपणाने दिलं!).

ऑफिसला मेल टाकला. टेबल आणि उठायची मुभा लगेच मान्य, घरून कामाचं "बघतो", महिनाअखेर आधी सुरू करायला साफ नाही. नकार जपून ठेवलाय.

अर्जातलं बसण्याबद्दलचं लिहिलंय, जरा बघा: "मला एका जागी बसायला खूप त्रास होतो. तरीही मी जिद्दीने काम पूर्ण करण्याचा प्रयत्न करते. कधी कधी वेदना असह्य होतात."

सातासमुद्रापार

जिद्द काढा. तपासणारा जिद्द वाचून खूश होतो आणि पुढचं पान उलटतो. "कधी कधी" पण काढा, कधी म्हणजे कधी? असं काहीतरी बघा, आकडे तुमच्या डायरीतले घाला: "सलग सुमारे २० मिनिटं बसल्यावर कंबर आणि मान धरते, उठून चालावं लागतं, परत काम सुरू करायला दहा मिनिटं जातात. दुपारनंतर हा अवधी निम्म्यावर येतो. असं आठवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस होतं. सलग दोन दिवस पूर्णवेळ बसले तर तिसऱ्या दिवशी बोटांनी माउस नीट धरता येत नाही आणि आकड्यांच्या चुका होतात, त्या सहकाऱ्याला तपासाव्या लागतात."

रिमझिम

आणि "असह्य" पण काढ गं. त्याऐवजी असह्य झाल्यावर काय करतेस ते लिही. आडवी होतेस? कुठे? ऑफिसात?

पाठमोरी

रेकॉर्ड रूममधे. जुन्या फायलींच्या कपाटामागे जमिनीवर, पुठ्ठा टाकून. शिपाईकाकांना माहितीये, ते दार लोटून घेतात.

सातासमुद्रापार

हेच लिहा ना मग! पुठ्ठ्यासकट!!

धोपटमार्ग

अनुमोदन. आणि पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांनाही हे असंच सांगा, केसपेपरवर आलं पाहिजे.

पाठमोरी

लिहिते. अजून एकच, घरच्यांचं पत्र जोडलं तर चालतं का? नवऱ्याने लिहून दिलंय, पानभर. "ती फार सोशिक आहे" इथून सुरुवात.

कर्मचारी_क्रमांक

चालतं, पण सोशिक नको. त्यांना म्हणावं, स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलं तेवढंच लिहा: रात्री किती वेळा उठते, केस विंचरायला कोण मदत करतं, घरातली कुठली कामं आता तुमच्याकडे आलीयेत आणि कधीपासून. वर तारीख, खाली सही, अर्ध्या पानात बसवा. आणि जमलं तर शिपाईकाकांकडून पण दोन ओळी घ्या, ते घरचे नाहीत म्हणून त्यांचं जास्त धरतील. मात्र आधी त्यांना नीट विचारून घ्या, दार लोटल्याबद्दल त्यांनाच कोणी बोलायला नको.